दोनशे बारावी फाईल

चोवीस वर्षं मी फौजेत सिग्नलला होतो. तारा ओढायच्या, जोडायच्या, तुटलेली जागा शोधून काढायची, एवढंच काम केलं. त्यामुळं ‘मला काहीतरी जाणवलं’, ‘कुणीतरी हाक मारली’ असं कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकून उठून जायचो. वायर तुटली की निरोप जात नाही, यापलीकडं मला कधी काही पटलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचत आलोय. दोन-तीन जणांच्या पोस्टखाली चेष्टाही केलीय. त्यांची आधी माफी मागतो... आणि मग माझं सांगतो.

गाव कडेगाव. वय माझं एकसष्ट. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीत. ऊस चुलतभावाकडं लावून दिलाय, त्यामुळं मला दिवसभर तसं काम नसतं. घरात मी एकटा.

समोरच्या घरात भूपाल राहायचा. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. त्यांची जैन मंडळी, घरात बियाण्याचं दुकान होतं, पण भूपालनं दुकान भावावर सोडलं आणि टायपिंगचा क्लास काढला. पुढं त्याच खोलीत कॉम्प्युटरचा क्लास झाला. तालुक्यातल्या किती पोरापोरींना त्यानं बोटं कुठं ठेवायची ते शिकवलं असेल! स्वतः डोळे मिटून टाईप करायचा. क्लास बंद पडला तेव्हा बाकीची मशीनं भंगारात गेली, दोन मात्र त्यानं ठेवली. पिवळट पडलेली, जाडजूड मॉनिटरची, फ्लॉपीवाली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरात कॉम्प्युटर आला की लोक ज्याला हार घालायचे तसली. एक त्याच्या घरात, एक माझ्या.

मी रिटायर होऊन आलो तेव्हा आम्ही दोघांनी ती मशीनं जोडली. टीव्हीच्या केबलसारखी काळी वायर असते, तिच्या दोन्ही टोकांना टोपणं लावावी लागतात. एक टोपण जरी निघालं तरी सगळं ठप्प. गल्लीतल्या लाईटच्या खांबावरून ती वायर मी स्वतः ओढली. काम साधंच — त्यानं एखादी फाईल लिहून पाठवली की ती माझ्या मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये येऊन पडायची, माझी त्याच्याकडं. समोरासमोर राहणाऱ्या माणसांना याची गरज काय, असं माझी बायको विचारायची. गरज काहीच नव्हती. हौस होती. सहा महिन्यांत तीही संपली आणि मशीनं कापडाखाली गेली.

मग दोन वर्षांपूर्वी भूपालला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त जीभ वळत नाही. त्याच्या लेकीनं, त्रिशलानं, त्याला मोठा मोबाईल आणून दिला. पण काचेवर त्याचं बोट घसरायचं, एकाच्या जागी तीन अक्षरं उमटायची. तो चिडून मोबाईल गादीवर आपटायचा. त्याची बायको तर कधीच गेलेली. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला आणि त्याचं करायला एक बाई यायची. बाकी वेळ तो आणि भिंत.

एक दिवस मी त्याला उचलून त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. सहज... काही ठरवून नाही. जुना कीबोर्ड, खटक्याची जड बटणं. त्याचा डावा हात आपोआप बटणांवर जाऊन बसला. मी घरी जाऊन माझं मशीन लावलं. पाच-सात मिनिटांनी फाईल आली.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. ‘फौजी, उठला का ले?’

त्या कीबोर्डचं ‘आर’चं बटण मेलेलं. म्हणून जिथं र हवा तिथं त्यानं एल दाबलेला. मी खुर्चीवर बसून एवढा हसलो, आणि मग... असो. सहा महिन्यांनी मित्राचा आवाज ऐकला होता मी, तोही असा बोबडा.

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते चार हा आमचा वेळ. नंतर त्याचं जेवण व्हायचं, दिवस मावळायच्या आत, त्यांच्यातल्या नियमाप्रमाणं. बाकीचं जग झोपलेलं असायचं आणि आम्ही दोघं म्हातारे समोरासमोरच्या घरांत बसून फाईली पाठवायचो. तो प्रत्येक फाईलला नंबर द्यायचा. ‘आज भाकली कडक होती.’ ‘तुझा लेडिओ लय मोठा लागतोय, बालीक कल.’ ‘वहिनीची आठवन येती का तुला. मला हिची येती.’ हे शेवटचं तो बोलता होता तेव्हा कधी म्हणाला नसता. मीही उत्तर दिलं नसतं. तेव्हा दिलं.

मी फौजेच्या सवयीनं वाचून झालेली फाईल फ्लॉपीवर घ्यायचो, वहीत नंबर टाकायचो आणि फोल्डर रिकामा करून मशीन बंद करायचो. मी नसलो किंवा त्याला बरं नसलं की खाडे पडायचे, शिवाय दीड-दोन महिने माझा मॉनिटर बंद होता. तरी दोनशे अकरा फाईली झाल्या.

मागच्या एप्रिलमध्ये त्रिशला त्याला सांगलीला न्यायला आली. तिचंही बरोबरच होतं. बाई काम सोडून गेली होती, आणि मी कितीही केलं तरी त्याला आंघोळ घालताना दोनदा माझ्या हातून तो निसटला होता. आदल्या दिवशी तीच माझ्याकडं येऊन म्हणाली, “काका, उद्या अकराला निघतोय. तुम्ही याच. तुम्ही असलात की अप्पा गाडीत नीट बसतील.”

“येतो की,” मी म्हणालो.

आणि मी गेलो नाही.

सकाळी आठलाच शेतावर निघून गेलो. चुलतभाऊ म्हणाला, “आज काय काढलंस रं हिकडं?” म्हटलं, पाणी कुठवर आलंय बघायला आलो. बांधावर बसून राहिलो. बाराला परत आलो तर समोर कुलूप. किल्ली त्रिशलानं माझ्या दाराच्या कोयंड्यात अडकवून ठेवलेली. का गेलो नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्याला उचलून गाडीत बसवायचं आणि दार लावायचं, हे माझ्या हातून झालं नसतं, एवढंच.

पुढं आठवड्याभरानं व्हिडिओ कॉल केला. मला बघून भूपाल रडायला लागला, थांबेचना. त्रिशला म्हणाली, “काका, थोडे दिवस नको करू या का? त्यांना त्रास होतो.” मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्यानंतर मी फोन केला नाही. सांगली काही परदेशात नाही, एसटीनं दोन-अडीच तासांची वाट. पण आज जाऊ, उद्या जाऊ... तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता.

त्रिशलानं जायच्या आधीच त्या घराचं मीटर बंद करून घेतलं होतं. जूनमध्ये गल्लीतले जुने खांब काढून नवे बसवले. वायरमननं हाक मारली, “हवालदार, ही काळी वायर कशाची हाय?”

“कशाची न्हाई. काढा,” मी म्हणालो.

त्यानं दोन्हीकडून कापून काढली. मीच तिची गुंडाळी केली आणि मागच्या पडवीत खिळ्याला अडकवली. त्या दिवशी एकदा मशीन लावून बघितलं होतं, का ते माहीत नाही. फोल्डर रिकामा होता. हे मी शपथेवर सांगू शकतो.

आता त्या दिवसाचं. श्रावणातला मंगळवार. सोमवारी मुलाचा फोन आला होता की गणपतीला यायला जमणार नाही. मंगळवारी जेवलो, पडलो, झोप लागेना. तीन वाजले आणि मला वाटलं, भूपालच्या जुन्या फाईली वाचाव्यात. दोन महिन्यांनी कापड काढलं, मशीन लावलं. फ्लॉपी घालायच्या आधी सवयीनं हात तो फोल्डर उघडायला गेला.

आत एक फाईल होती. नंबर दोनशे बारा.

मी पहिल्यांदा वही काढली. शेवटचा नंबर दोनशे अकरा. मग फाईल उघडली. जशीच्या तशी लिहितो —

‘गड्या येशील का. इथं खिडकीतनं लेल्वे दिसती. पलीकडं पान्याची टाकी हाय तिला निळी शिडी. त्लिशला लय कलते माझं. पन दिसभल बोलायला कुनी न्हाई. तू त्या दिवशी का आला न्हाईस.’

भीती वाटली का, असं लोक विचारतील. भीती नाही वाटली. शाळेत सगळ्यांसमोर उभं केल्यावर कानशिलं तापतात ना, तसं झालं. ती शेवटची ओळ मी सात-आठ वेळा वाचली. ‘तू त्या दिवशी का आला न्हाईस.’ हे मला कुणीही विचारलं नव्हतं तोवर. त्रिशलानंसुद्धा नाही.

मग आतला सिग्नलवाला जागा झाला. तारीख बघितली. त्या मशीनची बॅटरी कधीच गेलीय, दर वेळी चालू केलं की ते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी दाखवतं. म्हणजे तारखेवरून काही कळायला मार्ग नाही. पडवीत गेलो. वायरची गुंडाळी खिळ्यालाच होती, वर कोळ्याचं जाळं. किल्ली घेऊन समोरचं घर उघडलं. आत कोंदट वास, गादी गुंडाळून ठेवलेली. कॉम्प्युटरवर चादर, चादरीवर धुळीचा थर, आणि पिन सॉकेटमधून काढून टेबलावर ठेवलेली. बटण दाबून बघितलं, घरात वीजच नाही. तिथं भूपालच्या खुर्चीत मी जरा वेळ बसलो. आमच्या घराचं दार तिथून सरळ दिसतं. मी दिवसातून किती वेळा आत-बाहेर करत असेन आणि हा बघत असेल, असं वाटलं.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, जुनीच फाईल असणार. तुमच्या लक्षात राहिली नसेल.”

“जुन्या फाईलीत सांगलीचं कसं लिहील त्यो?”

 त्यावर तो हळूच म्हणाला, “तुम्हीच कधी लिहिली नाही ना? म्हणजे एकटं असल्यावर होतं असं. एकदा डॉक्टरांना दाखवा.” रागावलो नाही त्याच्यावर. मलाही तीच शंका आली होती. नंतर विट्याला जाऊन दाखवलंही, डोकं शाबूत आहे म्हणाले. पण त्या संध्याकाळी मी एकच ठरवलं. खरं-खोटं नंतर, उद्या सांगलीला जायचं.

बुधवारी सकाळची विट्याची गाडी पकडली, तिथून तासगावमार्गे सांगली. त्रिशलानं मे महिन्यात घर बदललं, एवढंच गावात कानावर आलं होतं. स्टँडवरून फोन करून पत्ता विचारला. विश्रामबागच्या पुढं, तिसरा मजला. दार तिनंच उघडलं.

“काका! आवं, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय सांगितलं?”

तिचा चेहरा उतरला. “कालपासून अप्पांनी खाणं सोडलंय. पाणीसुद्धा चमच्यानं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी आज तुम्हाला फोन करणारच होते.”

आतल्या खोलीत भूपाल कॉटवर होता. निम्मा झालेला. मी त्याच्याकडं बघायच्या आधी खिडकीकडं बघितलं, याची लाज वाटते. पण बघितलं. खाली रेल्वेचे रूळ. रुळांच्या पलीकडं एका इमारतीवर पाण्याची टाकी, आणि तिला निळ्या रंगाची लोखंडी शिडी.

मी त्या घरात आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती जुन्या घरात होती.

त्रिशला मागून म्हणाली, “काल दुपारी बघा ना काका, काय चाललं होतं यांचं. डाव्या हातानं सारखी चादरीवर बोटं मारत होते. अशी... तीन वाजल्यापासून चाराच्या पुढंपर्यंत. मला वाटलं, काही हवंय. पाणी दिलं, कूस बदलली. माझ्याकडं बघेनातच. मग एकदम थांबले आणि झोपले.”

मी जाऊन भूपालच्या शेजारी बसलो. “भूपाल, आलो रं. उशीर झाला,” म्हणालो. त्यानं डोळे उघडले. ओळखलं. रडला नाही या वेळी. तोंडाची डावी बाजू जराशी वर गेली, तो हसायचा तशी. त्रिशला चहा करायला गेल्यावर मी त्याच्या कानाशी वाकलो आणि विचारलं, “गड्या, फाईल तू पाठवलीस का?”

त्यानं माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटं मारायला लागला. हळू, पण नेमकी. एका लयीत. मध्येच अंगठा पडायचा, दोन शब्दांत जागा सोडतात तसा. तो माझ्या हातावर टाईप करत होता. पाच मिनिटं तरी... आणि मला एक अक्षर कळलं नाही. त्यानं साऱ्या तालुक्याला टायपिंग शिकवलं. मी आयुष्यभर एका बोटानं बटणं शोधत बसलो. “हळू, भूपाल. पुन्यांदा कर,” मी म्हणत राहिलो. तो पुन्हा करायचा. शेवटी दमला आणि नुसता हात धरून पडून राहिला.

त्या दिवशी का आलो नाही, ते मी त्याला सांगितलं. बांधावर बसून होतो, हेही सांगितलं. त्यानं ऐकलं.

मी सांगलीतच राहिलो. दिवसभर त्याच्याशी बोलायचो. शाळेचं, फौजेचं, उसाचं, काहीही. रेल्वे गेली की ‘गेली बघ’ म्हणायचो. सातव्या दिवशी सकाळी, मी पेपर वाचून दाखवत होतो तेव्हा तो गेला. शांतपणे गेला.

दिवाळीनंतर त्रिशला घर आवरायला कडेगावला आली. माझ्याकडं जेवली. अप्पांनी लिहिलेलं सगळं हवंय म्हणाली. मी दोनशे अकरा फाईलींच्या फ्लॉप्या दिल्या, वही दिली. दोनशे बारावीचं बोललो नाही. बोलणार होतो... पण तेवढ्यात तीच म्हणाली, “काका, एक सांगू? तुम्ही यायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी अप्पांवर ओरडले होते. ताट सांडलं म्हणून. मग दिवसभर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. कामं केली सगळी, पण मुकाट्यानं. त्यानंतर त्यांनी खाणंच सोडलं. मला रोज वाटतं, माझ्यावर रागावून गेले.”

ती रडत होती. त्या फाईलीत ‘बोलायला कुनी न्हाई’ हे होतं. ते मी कसं सांगणार? पण त्याच्या आधीची ओळही होती. मी म्हणालो, “पोरी, तसं न्हाई. ‘त्रिशला लय करते माझं’, असं त्यानं लिहिलंय.”

तिनं मान वर केली. “कधी?”



“कवातरी... सांगलीला जायच्या आधी.”

“जायच्या आधी मी काय केलं होतं काका त्यांचं? महिन्यातून एकदा यायचे.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “कुठल्या फाईलीत आहे? दाखवा.”

दाखवली असती तर पुढची ओळही तिनं वाचली असती; मी म्हणालो, सापडली की पाठवतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही माझं मन राखायला सांगताय. राहू दे काका.” आणि फ्लॉप्यांची पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली. या वेळी मी गाडीपर्यंत गेलो, दार लावून दिलं, हात केला.

या गोष्टीला माझ्याकडं काही स्पष्टीकरण नाही. वायर नव्हती, वीज नव्हती, समोरचं मशीन बंद होतं आणि लिहिणारा चाळीस मैलांवर अंथरुणात होता. मी खूप डोकं घातलं, जुने फौजेतले दोन दोस्त आहेत त्यांनाही विचारलं. ते म्हणतात, शक्य नाही. मीही तेच म्हणतो. फाईल अजून मशीनवर आहे, कुणाला बघायची असेल तर या. पण ती बघून तुम्हाला काही पटेल असं मला वाटत नाही, कारण तशी चार ओळींची फाईल कुणीही लिहू शकतो.

मला स्पष्टीकरण हवं आहे ते स्वतःसाठी नाही. ते असतं तर त्या पोरीला खरं सांगता आलं असतं. तिच्या बापानं शेवटच्या दिवसांत तिच्याबद्दल चांगलं लिहिलं, हे खरं आहे. आणि तिला ते मी रचून सांगितलेलं वाटतं.